पाठीचं माप

शनिवारी दुपारी मास्तरांनी स्वतःच्या मुलीला ओळखलं नाही. दुकानाच्या काचेआड ते एका कोटाचं अस्तर टाचत बसले होते, आणि समोरच्या फुटपाथवरून कुणीतरी पाठीवर भलामोठा बोजा घेऊन चढाच्या दिशेनं चाललं होतं. केस बारीक कापलेले, मान रुंद, खांदे भरलेले. मास्तरांचा हात सुईवर थांबला. चांगली पाठ दिसली की तो थांबायचाच, त्याला इलाज नव्हता. कुणाचा मुलगा आहे कोण जाणे, ते मनाशी म्हणाले, पण पाठ झकास आहे. ह्याला कोट शिवायला मजा येईल. फक्त डावा खांदा जरा उतरता आहे, तिथे आतून थोडी भर घालावी लागेल. एवढं ठरेपर्यंत ती पाठ वळली, रस्ता ओलांडून आली, दुकानाच्या दारात बोज्यासकट अडकली, मग तिरपी होऊन आत घुसली आणि म्हणाली, "बाबा, चहा आहे का?"

चहा होता. मास्तरांनी तो ओतला, पण ओतताना थोडा बशीत सांडला. बटण समोरच्या स्टुलावर बसून फुंकर मारत पीत होती. लहानपणी एकदा तिनं मशीनजवळ पडलेलं कोटाचं बटण गिळलं होतं, ते बाहेर येईपर्यंत सगळ्या गल्लीला घोर लागला होता, तेव्हापासून तिचं नाव बटण पडलं ते पडलंच. आता ती सैन्यातून रजेवर आली होती, आणि सवय मोडू नये म्हणून रोज पाठीवर वजन घेऊन चढावर जायची. "असं काय बघताय?" ती म्हणाली. मास्तर म्हणाले, "काही नाही. ऊन होतं डोळ्यांवर." ऊन नव्हतं. पण बायकांचे कपडे शिवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, जो गल्लीतल्या प्रत्येक बाईला मागून ओळखतो, त्यानं आपल्या पोरीची पाठ एखाद्या परक्या पोराची समजावी, ही गोष्ट तिला कशी सांगायची? तिच्या आईला सांगता आली असती. ती पोटभर हसली असती आणि मग संध्याकाळपर्यंत येईल त्या गिऱ्हाइकाला तिनं ती तिखटमीठ लावून ऐकवली असती.

खरं तर पाठीच तेवढ्या मास्तरांच्या वाट्याच्या. मापं बायकोची. लग्न झालं तेव्हापासून दुकानात हीच पद्धत होती: पडद्याआड ती टेप घेऊन बाईभोवती फिरायची आणि आकडे मोठ्यानं सांगायची, पडद्याबाहेर मास्तर ते ऐकायचे आणि थेट कापडावर खडू चालवायचे. मास्तरांनी कधी कुठल्या बाईला टेप लावली नाही, आणि तिनं कधी कात्रीला हात लावला नाही. "खांदा," ती म्हणायची, मग आकडा. "पाठ," मग आकडा. मधूनमधून आकड्यांशिवायही बरंच काही यायचं. "मास्तर, ह्या बाई पोट आत घेतायत, बोटभर वाढवून धरा." किंवा, "मास्तर, ह्या म्हणतात गेल्या वर्षीइतकंच आहे. तुम्ही ऐकून घ्या, पण धरू नका." बाई पडद्याआड हसायची आणि माप खरं निघायचं. ट्रायलच्या वेळी तर तिचा एक ठरलेला दम असायचा: "कुठे टोचतंय, कुठे ओढतंय ते आत्ता सांगायचं. घरी गेल्यावर नवऱ्याला सांगून उपयोग नाही, त्याला शिवता येत नाही." तरी बायका आरशात बघून म्हणायच्याच, ठीक आहे, छान बसलंय, आणि आठवड्यानं बगल उसवून परत यायच्या. तिला राग यायचा. आणि तीच बाई, जिनं जगाला टोचतंय कुठे ते विचारलं, ती स्वतःच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा सगळा पावसाळाभर म्हणत राहिली, काही नाही, गॅस आहे. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली तेव्हा उशीर झालेला होता. मास्तर तिच्यावर अजून चिडायचे. कात्री चालवता चालवता मध्येच चिडायचे, आणि मग चिडायला समोर कुणी नाही हे लक्षात येऊन परत कापायला लागायचे.

आणि आता ही सोमवारची भानगड. बटण सैन्यात गेली ते तिच्या आईच्या देखत. तेव्हा बायकांना ऑफिस, दवाखाना, साठ्याचं कोठार, वायरलेस, एवढंच होतं, आणि एवढ्यावर आई खूश होती. आई गेल्यावर हुकूम निघाला की बायकांना पायदळात घेणार. पायदळ म्हणजे पायदळ, बंदूक घेऊन पुढे. बटणानं परीक्षा दिली, धावली, रांगली, पास झाली, आणि मग तिला विचारलं गेलं: पायदळ की कोठार? सोमवारी हजर होताना सांगायचं. रजेच्या पहिल्याच संध्याकाळी जेवताना तिनं हे सगळं वडिलांना सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "बाबा, तुम्ही नको म्हणालात तर मी कोठारात जाईन. मनात काही ठेवणार नाही. आई असती तर तुम्ही दोघांनी मिळून सांगितलं असतंत, आता तुम्ही एकट्यानं सांगा." मास्तर म्हणाले, "बघू." तेव्हापासून ते बघत होते. बापाच्या हातात पोरीचा दोर देऊन ती मोकळी झाली होती आणि मास्तर अडकले होते. हो म्हणावं, आणि उद्या काही झालं तर? नको म्हणावं, आणि ती कोठारात ब्लँकेटं मोजत म्हातारी झाली तर? सुईच्या नेढ्यात दोरा घालताना नजर जशी बारीक करावी लागते तशी बारीक करून ते ह्या प्रश्नाकडे बघायचे, आणि दोरा काही जायचा नाही.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. सल्ला द्यायला काय, जिभेला हाड नसतं. मास्तरांची धाकटी बहीण, म्हणजे बटणाची आत्या, रोज फोन करायची. "दादा, तुझ्या तोंडात काय मिठाची गुळणी आहे का? एक शब्द टाक. नको म्हण. ती ऐकणार आहे म्हणते ना? मग म्हण की. वहिनी असती तर तिनं केव्हाच नको म्हटलं असतं." शेजारचा घड्याळजी, जो भिंग डोळ्याला लावूनच गप्पा मारायचा, तो म्हणायचा, "छे हो मास्तर, वहिनी असत्या तर गल्लीभर सांगत फिरल्या असत्या. माझ्या पोरीच्या हातात बंदूक आहे, उधारी वेळेवर द्या म्हणून." मास्तरांना दोन्ही पटायचं. दोघेही तिला ओळखत होते. ती भित्री होती, रस्ता ओलांडताना मास्तरांची बाही धरायची. आणि ती वाघीणही होती, दारूच्या नशेत दुकानात शिरलेल्या एका माणसाला तिनं इस्त्री दाखवून बाहेर काढलं होतं. ती काय म्हणाली असती? मास्तर रात्री पडल्या पडल्या नाही, तर भर दुपारी, काम चालू असताना, कान देऊन बसायचे. मशीन थांबवायचे. रिकाम्या पडद्याकडे बघायचे. तिचा आवाज यायचाही, हुबेहूब. पण तो फक्त मापं सांगायचा. खांदा, पाठ, बाही. आयुष्यभर त्यांनी तिच्याकडून आकडेच घेतले होते, मग आता तिनं दुसरं काय द्यावं?

खरा सल्ला म्हणता येईल असा एकच आला. नर्सबाई म्हणून एक जुन्या गिऱ्हाईक होत्या, तरुणपणी सैन्याच्या दवाखान्यात होत्या, अगदी पुढच्या तंबूत. त्या आपला कोट न्यायला आल्या तेव्हा बटण दुकानात झाडत होती. नर्सबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "झाडू ठेव आणि इकडे ये. चालून दाखव." बटण दुकानाच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली. "हेच," नर्सबाई म्हणाल्या. "पुरुषांच्या ढांगेशी ढांग जुळवतेस. नको जुळवू. तुझी पावलं आखूड टाक आणि जास्त टाक, पोचशील त्यांच्याबरोबरच. बोजा कमरेवर घे, खांद्यांना फक्त तोल सांभाळू दे. बूट सैल असेल तर भांड. चालून जाईल म्हणतील, त्यांचं चालून जाईल, तुझ्या पायाचं नाही." बटण हसत होती, पण ऐकत होती. मग नर्सबाईंनी खुर्ची ओढली आणि कोट मांडीवर घेऊन बसल्याच. कुणी ताई म्हणेल, कुणी बाळ म्हणेल, त्यांना आडनावानं हाक मारायला सांग. जेवण वाढायला, शर्टाची गुंडी लावून द्यायला तुलाच का बोलावतात ते विचार. सगळ्यांची आई होऊ नकोस, त्यांच्या आया त्यांच्या घरी सुखात आहेत. घाणेरड्या विनोदाला पहिल्यांदा हसलीस की मग जन्मभर हसत बसावं लागेल. दुसरी एखादी बाई असेल तर तिच्याशी शर्यत लावू नकोस, तिच्याशी मैत्री कर, दोघींची तुलना करायला बाकीचे बसलेले आहेत. "आणि दुखलं तर सांग," त्या म्हणाल्या. "हाडाला बारीक चीर पडते. पोरी दात खाऊन त्याच्यावर चालतात, का, तर बायकांना झेपत नाही असं कुणी म्हणू नये. मग हाड मोडतं, आणि मग म्हणायला ते मोकळेच." बटणानं विचारलं, "आणि सांगितलं तर म्हणत नाहीत?" नर्सबाईंनी मांडीवरच्या कोटाची घडी सारखी केली. "म्हणतात," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडून म्हणतातच. पण पायावर उभी राहून ऐकणं निराळं." मास्तर मशीनवर मान खाली घालून हे ऐकत होते. जाताना नर्सबाईंनी विचारलं, "आणि मास्तर, तुम्ही काय सांगितलंत पोरीला?" मास्तर म्हणाले, "मी जाकीट शिवतोय."

ते खरं होतं. बोलता येत नाही म्हणून ते शिवत होते. वर्दीच्या आतून घालायचं, उबदार, अस्तराचं, शिवण कुठे बोज्याखाली येणार नाही असं. कापड त्यांनी चांगलं निवडलं होतं. माप घ्यायची गरजच नव्हती. बटणाचं माप त्यांना पाठ होतं, तिच्या आईच्या आवाजात पाठ होतं. खांदा, आकडा. पाठ, आकडा. खडू सरसर चालला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काम करताना त्यांना बरं वाटलं, जणू पडद्याआड ती उभी आहे आणि पोरगी तिच्यापुढे हात पसरून उभी आहे आणि दोघी मिळून काहीतरी खुसखुसतायत. शनिवारी त्यांना स्वतःची पोर ओळखू आली नाही, त्याच संध्याकाळी त्यांनी ते जाकीट पुरं केलं. काजं हातानं केली. एवढं बघूनही त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. जी पाठ रस्त्यावर भरलेली दिसली ती निराळी, आणि जी आवाजात ऐकू येत होती ती निराळी, असं काहीतरी त्यांच्या मनानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

रविवारी सकाळी दुकान बंद असतं. मास्तरांनी अर्धी फळी उघडली, उजेड आत घेतला, आणि बटणाला जाकीट दिलं. ती पडद्याआड गेली. बराच वेळ लागला. मग बाहेर आली ती आरशासमोर नाही, वडिलांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मस्त आहे. एकदम छान बसलंय."

पाठीवर आडव्या सुरकुत्या पडल्या होत्या. बाह्यांची शिवण दंडावर चढली होती. पुढची गुंडी श्वासाबरोबर काजातून निसटायला बघत होती. मास्तर म्हणाले, "हात पुढे कर." तिनं कोपर अंगाशी धरूनच हात थोडेसे पुढे केले. "पूर्ण कर." "केले की." "बटण, बंदूक धरतात तसे कर." तिनं केले, आणि मागे काखेपासून शिवण टरकन उसवली. दुकानात तो आवाज जरा जास्तच मोठा वाटला. बटण घाईघाईनं म्हणाली, "काही नाही, एवढंसं आहे. मी घालीन, खरंच. आतूनच तर घालायचंय, कोण बघतंय? ठीक आहे ना, बाबा."

मास्तर खाली बसले. त्यांच्या रागाला आज पहिल्यांदा समोर कुणीतरी मिळालं होतं. "ठीक आहे," ते म्हणाले. "काही नाही. एवढंसं आहे. हेच म्हणायचंस का तिकडे पण? तुझ्या आईनं हेच म्हटलं. मी विचारायचो, काय गं, चेहरा का असा? काही नाही. जेवत का नाहीस? काही नाही. आणि तूही तेच शिकून बसलीस." ते इतकं सलग कधी बोलत नसत, बोलणं हे त्यांचं खातं नव्हतंच. बटण उसवलेल्या जाकिटात तशीच उभी होती. मग तिचाही आवाज चढला. "आणि तुम्ही, बाबा? तुम्ही काय म्हणता? बघू. आठवडाभर बघू. मी चहा घेऊन येते, तुम्ही मशीन सुरू करता. मी विचारायला तोंड उघडते, तुम्ही इस्त्री तापली का बघायला जाता. बोजा टोचत नाही मला एवढा. तुम्ही गप्प बसता ते टोचतं. विचारलंत म्हणून सांगितलं."

बाहेर कुणीतरी सायकल टेकवत होतं, त्याचा खडखडाट झाला आणि थांबला. मास्तरांनी पडद्याकडे बघितलं. पडदा नुसता पडदा होता, खाली थोडा विरलेला. बायकोचा आवाज येत होता, खांदा, आकडा, पाठ, आकडा, तोच, जुना, प्रेमाचा, आणि आता सपशेल चुकीचा. तिचा दोष नव्हता. ज्या पोरीचं माप तिनं सांगितलं होतं ती पोरगी तेव्हा तशी होती. तिला पुढचं विचारत बसणं म्हणजे बिचारीवर अन्याय होता. तिनं ही पाठ बघितलीच नव्हती. बघितली होती ती मास्तरांनी, काल, काचेतून, आणि बघताक्षणी त्यांना आवडली होती. कुणाची आहे हे कळायच्या आधी आवडली होती. हे त्यांना आता उलगडलं आणि छातीतलं काहीतरी मोकळं झालं, कच्चा टाका ओढून काढल्यावर कापड होतं तसं.

"काढ ते," ते म्हणाले. बटणानं काढलं. आत बिनबाह्यांची बनियन होती. दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांचे लाल-काळे वळ होते, डाव्यावर जास्त. म्हणून तो खांदा उतरता. मास्तर उठले, खिळ्यावरची टेप काढली, आणि पोरीच्या मागे जाऊन उभे राहिले. टेप हातात घेऊन कुणा बाईमागे ते जन्मात पहिल्यांदाच उभे होते, आणि ती बाई त्यांच्या मांडीवर वाढलेली होती, तरी बोटं अवघडली. "बाबा, गुदगुल्या होतात," बटण म्हणाली. "गप उभी राहा. तुझी आई असती तर टपली मारली असती." "तुम्ही मारा." त्यांनी मारली, हलकीच. मग टेप लावली. ह्या खांद्याच्या हाडापासून त्या खांद्याच्या हाडापर्यंत. आकडा बघून त्यांनी भुवया वर केल्या. परत लावली. तेवढाच आला.

"इथे दुखतं?" त्यांनी वळाच्या कडेला बोट टेकवलं. "थोडं." "बटण." "दुखतं. हो. रात्री कुशीवर झोपता येत नाही." "अजून?" आणि मग ती बोलायला लागली. पाठमोरी होती म्हणून असेल, तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल. टाच सोलली होती ती बरी झाली, पण बूट अजून मोठाच आहे आणि मागायला संकोच वाटतो. रांगेतला एक पोरगा बरा आहे, बाकीचे ती आली की बोलणं थांबवतात, त्याचं वाईट वाटतं. गोळीबाराच्या सरावाला पहिल्या दिवशी हात थरथरले, दुसऱ्या दिवशी नाही. भीती वाटते का? वाटते. कशाची ते धड सांगता येत नाही. पण चढ संपतो आणि मागे वळून बघितल्यावर आपण कुठून आलो ते दिसतं, तेव्हा जे वाटतं ते तिला कोठारात कधीच वाटणार नाही, हेही तिला माहीत आहे. मास्तर ऐकत होते आणि मापं घेत होते. पाठ. दंड. मनगटापर्यंत बाही. सवयीनं त्यांनी ओठांत टाचण्या धरल्या होत्या म्हणून मध्ये बोलता येत नव्हतं, ते एक बरंच झालं. ही पोरगी त्यांना नव्यानं कळत होती, इंचाइंचानं, आणि कुठेही हात आखडता घ्यावा असं काही निघत नव्हतं.

टेप छातीभोवती घेताना त्यांनी टाचण्या तोंडातून काढून स्टुलावर ठेवल्या.

"उद्या सांग त्यांना," ते म्हणाले. "पायदळ."

बटण वळायला लागली. त्यांनी दंड धरून तिला परत आरशाकडे केलं.

"नक्की ना, बाबा? माझ्यासाठी म्हणत असाल तर नको. तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

"मला भीती वाटते," मास्तर म्हणाले. "रोज वाटणार. ती माझी, तिची काळजी तू करू नकोस. तू बूट बदलून माग. आणि दुखलं की सांग. त्यांना सांग, नाही ऐकलं तर परत सांग, नाहीच ऐकलं तर मला फोन करून सांग. मला काही करता येणार नाही, पण सांग."

"आणि तुम्ही?"

"मी पण सांगेन. सवय नाही, वेळ लागेल."

ती आरशात त्यांच्याकडे बघत होती. डोळे भरले होते, पण ओठ दाबून धरले होते, आईचेच ते. ती म्हणाली, "आत्याला कोण सांगणार?"

"आत्याला मी सांगतो. दोन दिवस बोलणार नाही, मग स्वतःच करेल फोन, गप्प बसणं तिला झेपत नाही." त्यांनी टेपची दोन टोकं पुढे आणून जुळवली. आकडा काही खरा वाटेना. "श्वास का धरलायस? सोड. आत घेतलेल्या श्वासावर शिवलं की काय होतं ते बघितलंस ना आत्ता."

बटणानं श्वास सोडला. टेप त्यांच्या बोटांतून हळूच सरकली, आणखी सरकली, आणि मास्तरांनी ती ओढून धरली नाही, जाईल तेवढी जाऊ दिली.